गुरुवारची विसण

चाकणच्या पट्ट्यात गुरुवार कसा असतो, ते तिथं राहिलेल्यालाच कळतं. इतर दिवशी प्रेसची धपधप, कंटेनरांचे भोंगे, शिफ्टच्या बसगाड्या. कान त्याला इतके सरावतात, की आवाज आहे हेच माणूस विसरून जातो. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. विजेच्या तारांची दुरुस्तीही त्याच दिवशी निघते. मग सगळा पट्टा एकाएकी मुका होतो, आणि लांब रानातली टिटवी ओरडली तरी उशाशी ओरडल्यासारखी वाटते.

अशाच एका थंडीतल्या गुरुवारी साहेबराव आपल्या बायकोला, कस्तुराबाईला, घेऊन थेरगावहून निघाले. काम अगदी साधं होतं. बायकोला अंघोळ घालायची होती.

हसू नका. तिला चिकुनगुनिया होऊन गेला होता आणि ताप उतरला तरी दुखणं सांध्यांत घर करून राहिलं होतं. सकाळी उठली की बोटं मिटायची नाहीत, गुडघा वाकायचा नाही. भाकरी थापताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती म्हणायची, "धूर लागला." गॅसच्या शेगडीला कसला आलाय धूर? साहेबराव ऐकून घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. भोसरीच्या फाउंड्रीत उभा जन्म काढलेला माणूस, तापल्या लोखंडापुढं कधी डोळा मिटला नाही. पण बायकोचं ते हात चोळत बसणं त्यांना बघवत नव्हतं. हिचं दुखणं थांबावं, एवढं एकच मागणं उरलं होतं त्यांचं.

त्यांची मुलगी मिनल. पुण्यात जपानी भाषा शिकली आणि चाकणच्या पुढं, राजगुरुनगर रस्त्याला आत शेतात, एका जपानी पद्धतीच्या हॉटेलात काउंटरला लागली. अर्जुनराव म्हणून तिथले जुने बागायतदार, त्यांनी कंपन्यांतल्या जपानी साहेबांसाठी ते बांधलं होतं. नाव 'हानाया'. जमिनीवर गवती चटया, कागदाची सरकती दारं, निजायला गादी खालीच. आणि मागच्या अंगाला न्हाणीघर. तिथं माणूस गळ्यापर्यंत बुडेल असा लाकडी हौद. त्या लोकांच्या मुलखात डोंगरातून गरम झरे निघतात, त्यात बसायची त्यांना सवय. चाकणला झरा कुठला? मग बोअरचं पाणी हीटरवर तापवायचं आणि तिकडून आणलेली पूड त्यात टाकायची. पूड पडली की वज्रेश्वरीच्या कुंडासारखा गंधकाचा वास सुटायचा.

"आई, सांधे लोण्यासारखे होतील तुझे," मिनल म्हणाली होती. "आमचे पाहुणे सगळे नव्या वर्षाला घरी गेलेत. अख्खं हॉटेल रिकामं पडलंय. अर्जुनरावांना विचारलंय मी. एक रात्र राहा दोघं."

"जोडीनं?" कस्तुराबाई म्हणाली. "चाळीत काय सांगू? म्हातारी हनिमूनला गेली म्हणतील."

"म्हणू देत की," साहेबराव म्हणाले.

नाशिक फाट्यावर बस बदलत, चाकणहून रिक्षा करत ते पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. मिनलनं आधी न्हाणीघर दाखवलं. दगडी फरशी, भिंतीला लाकूड, खाली एक बुटकं स्टूल आणि पलीकडे तो हौद.

"आधी इथं स्टुलावर बसून अंग चोळून धुवायचं. फेस सगळा गेला पाहिजे. मग हौदात उतरायचं, नुसतं बसायला. हौदात साबण न्यायचा नाही."

"म्हणजे अंघोळ झाल्यावर पुन्हा अंघोळ," कस्तुराबाई म्हणाली. "मोठ्या लोकांची एकेक तऱ्हा."

"हौद मी अर्धा भरून ठेवलाय गार पाण्यानं. लाइट सकाळपासून नाही, जनरेटर दुरुस्तीला गेलाय. संध्याकाळी लाइट आली की सरूबाई हीटर लावतील." मिनल घाईत होती. तिला पुण्याला जाऊन कंपनीच्या एका साहेबाला विमानतळावर सोडायचं होतं. "मी सकाळी येते. आणि पप्पा, तुम्ही उगाच कशाला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय?" साहेबराव म्हणाले.

सरूबाई म्हणजे तिथली झाडलोट बघणारी बाई. शेजारच्याच गावची, पन्नाशी ओलांडलेली, बोलायला मोकळी. तिनं चहा करून दिला, आणि दिवस मावळायला लागला तरी लाइट काही आली नाही.

थंडी मात्र आली. शेतातून वर चढत, चटईखालून, कागदी दारांच्या फटीतून आत आली. कस्तुराबाईनं दोन्ही हात शालीत लपवले. साहेबरावांना कळलं. ती हात लपवायची तेव्हा फार दुखत असायचं.

"राहू द्या हो. सकाळी करीन मी अंघोळ."

 साहेबराव उठून मागच्या अंगणात गेले. तिथं अर्जुनरावांच्या जुन्या घरचा तांब्याचा बंब शोभेला म्हणून ठेवलेला होता.

"सरूबाई, हा पेटतो का?"

"न पेटायला काय धाड भरलीय त्याला? पर थांबा दादा, म्हशीची धार काढून येते. मग मीच करते समदं."

ती गेली. साहेबराव थांबले असते तर ही गोष्ट सांगायचं कारणच पडलं नसतं. पण आत बायको कुडकुडत होती. त्यांनी ढलप्या गोळा केल्या, बंब पेटवला, पाणी चढवलं. बंब सूं करायला लागला. मग एकेक बादली उकळतं पाणी न्यायचं आणि त्या गार हौदात ओतायचं. हात घालून बघायचं. अजून गारच. पुन्हा बादली.

इथं एक सांगायला हवं. साहेबरावांनी जन्मात कधी अंघोळीचं पाणी काढलं नव्हतं. लहानपणी आईनं काढलं. लग्नानंतर पहिल्या शिफ्टला निघताना अंधारात न्हाणीत बादली तयार असायची, वर तांब्या पालथा. पाणी नेमकं अंगाला सोसेल तसं. कस्तुराबाई ते कसं करते, आधी काय ओतते आणि मागून काय, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुढं गीझर आला आणि पाहायचं कारणही संपलं.

हौद भरत आला. त्यांनी पूड टाकली. गंधकाचा वास उठला, वाफेनं न्हाणीघर भरून गेलं. मिनलनं ठेवलेला चार्जिंगचा दिवा त्या वाफेत नुसता पिवळा डाग होऊन राहिला.

"कस्तुरे, ये. पाणी झालं तुझं."

ती भिंत धरत धरत आली. वाफ बघून तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला.

"एवढं सगळं तुम्ही केलंत?"

"तू बस. एक बादली राहिलीय, ती घेऊन येतो. पाठ मी चोळीन."

दार सरकवून ते अंगणात आले. बंबात थोडं पाणी उरलं होतं, ते तापायची वाट बघत निखाऱ्यांपाशी उकिडवे बसले. कागदी दाराआडून तिचा आवाज येत होता. साधा, रोजचा.

"अगं बाई, आधीच येऊन बसलात होय?... बसा, बसा. सरका जरा पुढं."

साहेबरावांना वाटलं, सरूबाई धार काढून पुढच्या दारानं आत गेली असेल. बरं झालं. बाईमाणूस सोबतीला असलेलं चांगलं.

आत तांब्या फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. पाणी ओतल्याचा. मग साबणानं चोळताना होतो तसा सपसप आवाज, संथ, लयीत. कस्तुराबाई गुणगुणत होती. कितीतरी महिन्यांत ती गुणगुणली नव्हती.  तिची बोटं वळत होती तर.

"किती वाळलात हो," ती म्हणत होती. "नुसती हाडं लागतायत हाताला."

"पेटवलात व्हय बंब?"

साहेबरावांनी मागं वळून पाहिलं. सरूबाई दुधाची किटली घेऊन फाटकातून येत होती.

आतला सपसप आवाज चालूच होता.

"सरूबाई... तुम्ही आत नव्हता?"

"आत कशी आसन? आत्ता तर येतीया." ती हसत जवळ आली, आणि तिनं न्हाणीघराच्या कागदी दारावर हलणारा उजेड पाहिला. हसू थांबलं. "हौदात तर गार पाणी व्हतं."

"हो. त्यातच गरम ओतलं."

"गारात... ऊन ओतलंत?"

"मग? काय झालं?"

सरूबाईनं किटली खाली ठेवली. ठेवताना कडी वाजू नये म्हणून तिनं ती हातानं धरली.

"दादा, जित्या माणसाला आधी ऊन पाणी काढायचं. त्यात वरनं गार घालायचं. विसण म्हनत्यात त्याला. गारात ऊन घालायचं ते फकस्त मढ्याच्या आंघोळीला."

"आम्ही बुद्धाची माणसं, सरूबाई. आमच्याकडे असलं मानत नाहीत."

"नका मानू. पर त्यो म्हाताराबी बुद्धाचाच व्हता."

"कोण म्हातारा?"

तिनं आवाज इतका खाली आणला की साहेबरावांना तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"मोरिता साहेब. मागल्या खोलीत ऱ्हायचा. एकदा मी अशीच गारात ऊन ओतत व्हते, तर धावत आला आन् माझा हात धरला. मिनलताईनं इचारून सांगितलं मला, त्यांच्यातबी तसलं पाणी मढ्यालाच करत्यात. त्यो करोनात गेला दादा. हितंच. समदं बंद, कुणी यायला न्हाई. मरताना घोटभर पाणी न्हाई मागितलं त्यानं, फुरो, फुरो म्हनत ऱ्हायला. फुरो म्हंजे न्हाणी. मग ती प्लास्टिक घातलेली मानसं आली आन् पिशवीत गुंडाळून तसंच नेलं. आंघोळ न्हाई, काय न्हाई..." तिनं कागदी दाराकडं पाहिलं. "कोन घालनार व्हतं?"

आत सपसप थांबली होती. पाणी ओतल्याचा आवाज आला. एक तांब्या. मग दुसरा. सावकाश, डोक्यावरून ओततात तसा.

"झालं बघा," कस्तुराबाईचा आवाज. "आता बसा हौदात. मीही येते."

मग जड अंगानं कोणी हौदात उतरल्यावर येतो तसा आवाज झाला आणि काठावरून पाणी भस्सकन फरशीवर सांडलं. दाराच्या फटीतून ते बाहेर आलं आणि साहेबरावांच्या अनवाणी पायांना लागलं. वाफाळतं पाणी, पण बर्फासारखं गार.

ते दार सरकवून आत शिरले.

वाफेत आधी काही दिसेना. मग ते बुटकं स्टूल दिसलं. त्यावर साबणाचा फेस होता, आणि तो अजून ओघळत होता, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखा. पलीकडे हौदात कस्तुराबाई गळ्यापर्यंत बुडून बसली होती. एका कडेला, अंग चोरून, दुसऱ्याला जागा ठेवून. तिच्या समोरची वाफ सरळ वर चढत नव्हती. कशाला तरी वळसा घालून जात होती.

तिनं डोळे उघडले. साहेबरावांकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. मग पुन्हा दाराकडे.

"तुम्ही बाहेर कधी गेलात?"

"मी बाहेरच होतो, कस्तुरे."

"मग मी..." तिनं पाण्यातून हात वर काढले आणि तळवे उलटेपालटे करून बघितले. "गार होती हो पाठ. मला वाटलं, बंबापाशी बसून गारठलात. पाठमोरेच होतात. मी म्हटलं, एवढं केलंत माझ्यासाठी, आधी तुमचीच चोळावी..."

"बाहेर ये."

ती हलली नाही.

"ये म्हणतो ना! धरलंय का कोणी?"

"नाही." ती हसली, आणि ते हसू इतकं सुखाचं होतं की साहेबरावांचे पाय जागीच राहिले. "धरलं नाही कोणी. दुखत नाहीये हो. बघा ना." तिनं मूठ मिटली. उघडली. पुन्हा मिटली. "काहीच दुखत नाहीये. जरा बसू द्या."

आता बघा, त्या माणसानं काय करायला हवं होतं हे तुम्हाआम्हाला इथं बसून कळतं. पण तिची मूठ मिटलेली त्यांनी कितीतरी महिन्यांनी पाहिली होती. ज्यासाठी आणलं होतं ते समोर घडत होतं. ते उभे राहिले. एक क्षण, फार तर दोन. बसू दे जरा, असं त्यांच्या मनात आलं.

"दादा, काढा त्यास्नी!" दारातून सरूबाई ओरडली.

साहेबरावांनी पुढं होऊन बायकोला काखेत हात घालून उचललं. जोर लावून उचललं आणि मागच्या मागं पडता पडता वाचले, कारण जोराची गरजच नव्हती. पिळून टाकलेल्या लुगड्याएवढं वजन होतं तिला. त्यांनी तिला शालीत गुंडाळलं, छातीशी धरलं, आणि तोंडानं बुद्धं सरणं म्हणायला लागले. म्हणता म्हणता त्यांची नजर हौदाकडे गेली.

माणूस बाहेर आलं की पाणी खाली उतरतं. हे उतरलं नव्हतं. काठोकाठ, जसंच्या तसं होतं.

"बूच ओढतो मी," ते म्हणाले.

"नगा," सरूबाईनं त्यांचा हात धरला. "आंघोळ चालू हाय. व्हऊ द्या त्यांचं."

तिनं दार ओढून घेतलं. तिघं पुढच्या खोलीत जाऊन बसले. बऱ्याच वेळानं लाइट आली, तरी न्हाणीघराकडे कोणी गेलं नाही. कस्तुराबाई मात्र गाढ झोपली. साहेबराव रात्रभर तिचा हात हातात धरून बसले. हात गार होता, पण श्वास चालू होता, नाडी लागत होती. पहाटे त्यांनी तिचं कपाळ चाचपलं तर केस ओलेच. थंडीचे दिवस, वाळत नसतील, असं त्यांनी मनाला सांगितलं.

सकाळी मिनल आली. हौदातलं पाणी आपोआप उतरून गेलेलं होतं, तळाला पुडीचा पांढरा थर तेवढा होता. "कसं वाटलं आई?" तिनं विचारलं, आणि कस्तुराबाई काही न धरता उठून उभी राहिली. पोरीनं टाळ्या वाजवल्या. सरूबाई कोपऱ्यात भांडी लावत होती, तिनं वर बघितलं नाही. साहेबरावांनी निघायची पिशवी भरली. 

थेरगावात आल्यावर शेजारणी बघतच राहिल्या. कस्तुराबाई जिने चढते, बाजारातून पिशवी उचलून आणते, भाकऱ्या थापते. शेजारच्या सुमनताई तर त्या हॉटेलचा पत्ता मागायला आल्या.

"पाणीच वेगळं हो तिथलं," कस्तुराबाई त्यांना म्हणाली.

"एवढा गुण?"

"मला कळलंच नाही कधी थांबलं ते."

साहेबरावांचं मागणं पुरं झालं होतं. रोज संध्याकाळी ते तिच्या हातांकडे बघायचे. बोटं सरळ होती, चपळ होती. फक्त त्यांची टोकं सुरकुतलेली असायची. पांढरी, फुगलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. आणि सकाळी तिची उशी उन्हात टाकावी लागायची.

पुढं एका गुरुवारी, दिवेलागणीला, ती गॅलरीच्या दाराशी पावटा सोलत बसली होती. साहेबरावांचा फोन वाजला. मिनल होती.

"पप्पा... आई कुठंय?"

"ही काय, समोर बसलीय. पावटा सोलतीय. का गं?"

 तिच्या मागं कसलाही आवाज नव्हता, ना गाडीचा, ना यंत्राचा.

"नक्की ना, पप्पा? समोरच आहे ना?"

"अगं, आहे म्हणतो ना. काय झालं?"

"लाइट नाहीये इथं. कोणी पाहुणे नाहीत." मिनल कुजबुजत होती. "हौद कोरडा आहे, मीच सकाळी पुसून घेतलाय. पण आत कोणीतरी पाणी ओततंय. आणि... आईचा आवाज येतोय, पप्पा. गुणगुणतीय. मी दार थोडंसं सरकवलंय, पण वाफेत काही..."

फोन साहेबरावांच्या कानाला घट्ट लावलेला होता. पोरीचा आवाज त्यांनाच जेमतेम ऐकू येत होता. त्यांनी समोर पाहिलं. कस्तुराबाईची बोटं थांबली होती. तिनं शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. मान वर केली नाही.

"तिला म्हणावं, दार लोटून घे," ती म्हणाली. "अंगाला वारं लागतंय."